दोन मीटर लांबूनच हं!

बाकावर बसायचं होतं, पण त्यावर आधीच कुणीतरी झोपलं होतं.

बाल्ट्रा विमानतळावरून बसनं आम्हाला धक्क्यावर आणून सोडलं. डोक्यावर ऊन, पाठीवर सॅक आणि डोळ्यांत दोन फ्लाइट्सची झोप. धक्क्यावर सावलीत एकच बाक दिसत होता आणि त्यावर एक भलाथोरला सी लायन आडवा पसरला होता. रात्रीच्या शेवटच्या कर्जत लोकलमध्ये लोक झोपतात ना, अगदी तस्सा. तोंड अर्धवट उघडं, एक पंख्यासारखा पाय खाली लोंबकळतोय, मिशांवर माश्या बसल्यात. आमची चाहूल लागल्यावर त्यानं एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं आणि परत मिटला. बस्स! आम्ही त्याच्या लेखी कुणीच नव्हतो.

''अगं, उठवायचं का याला?'' मैत्रिणीनं विचारलं. ती अस्सल पुणेकर, बाक सोडणं तिला मान्यच नव्हतं.

आमचा गाइड हसला. ''बाक त्याचा आहे. तुम्ही पाच दिवसांच्या पाहुण्या.'' मग त्यानं दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणाला, ''हे माझे हात. यापेक्षा थोडं जास्त अंतर. दोन मीटर. प्राणी कुठलाही असो, तो कितीही गोड दिसो, दोन मीटर. बाकी मी सांगितलेलं सगळं विसरलात तरी चालेल.''

तेव्हा वाटलं, हे काय, एवढं सोप्पं! म्हटलं, जंगलसफारीत आपण वाघाच्या शेपटीचं टोक बघायला तीन-तीन तास जीपमध्ये बसतो. इथे तर प्राणी बाकावर झोपलेत. दोन मीटर म्हणजे लॉटरीच की!

गॅलापागोसबद्दल आपल्याला शाळेत एवढंच सांगितलेलं असतं की डार्विन तिथे गेला होता. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण हजार किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिकच्या मधोमध, ज्वालामुखीतून वर आलेली ही बेटं. १९५९ मध्ये त्यांचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाची पहिली यादी काढली तेव्हा त्यात हे नाव होतं. माणसं राहतात ती मोजक्या बेटांवर, तीही एका कोपऱ्यात. बाकी जवळपास ९७ टक्के जमीन प्राण्यांची. ती बघायची तर बोटीवर राहायचं. रात्री बोट चालते, सकाळी डोळे उघडावेत तर खिडकीत नवीन बेट. गाइडशिवाय उद्यानात बहुतेक ठिकाणी पाऊल टाकता येत नाही. एका गाइडबरोबर सोळाच माणसं. आणि कुठली बोट कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर जाणार हेही उद्यानवाले ठरवतात.

मी ऑफिसच्या कामासाठी काही महिने ह्यूस्टनला होते. मैत्रीण तिथेच स्थायिक. डिसेंबर २०२४ मध्ये दोघींनी रजा टाकल्या, सेव्हिंग्ज अकाउंटकडे बघायचं नाही अशी शपथ घेतली आणि निघालो. सोळा प्रवाशांची छोटी बोट, पाच दिवस. किती पैसे गेले ते आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते : माझ्या पहिल्या नोकरीचा पहिल्या वर्षाचा जवळजवळ सगळा पगार.

निळे बूट, लाल फुगे

पहिलंच बेट, नॉर्थ सीमूर. सपाट, खडकाळ, वाळक्या झुडपांचं. लांबून बघितलं तर आपल्या सासवड-जेजुरीचा उन्हाळा वाटावा. बोटीवरून छोट्या रबरी होडीत उतरायचं, तिला इथे पांगा म्हणतात, आणि पांगातून खडकावर उडी मारायची. उडी मारून मान वर करते तोच पायवाटेवर निळे पाय!

ब्लू-फुटेड बूबी. नावावरून ग्रुपमध्ये जे काही विनोद व्हायचे ते झाले, आपण पुढे जाऊ. बूबी हा शब्द आला स्पॅनिश 'बोबो'वरून, म्हणजे बावळट. जहाजावर येऊन बसायचे आणि खलाश्यांनी धरले तरी उडायचे नाहीत, म्हणून बावळट! पायांचा रंग मात्र अफलातून. मेडिकलच्या दुकानातल्या हातमोज्यांचा असतो ना, तसला निळा. आणि हा रंग नुसती शोभा नाही. तो खाल्लेल्या माशांतून येतो. दोन दिवस उपाशी राहिला तर रंग फिका पडतो. त्यामुळे मादी आधी पाय बघते. नर पण हुशार, एकेक पाय सावकाश उचलून दाखवतो, हा बघ डावा, हा बघ उजवा. मग पंख पसरून, चोच आकाशाकडे करून शिट्टी मारतो. नंतर एक काडी आणून तिच्यासमोर ठेवतो. घरटं ही मंडळी बांधतच नाहीत, जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे त्या काडीचा उपयोग शून्य. तरी ती काडी स्वीकारली गेली की दोघंही खूश. आमच्यासमोरच्या मादीनं काडी बघितली, इकडेतिकडे बघितलं आणि चालायला लागली. मैत्रीण म्हणाली, ''कांदेपोहे झाले, नकार कळवतील.''

पलीकडच्या झुडपांत फ्रिगेटबर्डचे नर गळ्याखालची लालभडक पिशवी फुग्यासारखी फुगवून बसले होते. हे दिवसभर समुद्रावर उडतात, पण पिसं पाण्याला टिकत नाहीत, म्हणून पाण्यात बुडी मारायची सोय नाही. मग बूबीनं मासा पकडला की त्याची शेपटी धरून त्याला हैराण करायचं, तो मासा टाकेपर्यंत. गुंडगिरीच ती. पण फुगे सुंदर होते, कबूल.

आता गंमत ऐका. हे सगळं चाललं होतं अक्षरशः पायवाटेला लागून. कॅमेऱ्याला झूम लागतच नव्हता. मी मागे सरकत होते, फ्रेममध्ये मावावं म्हणून! आणि एकही पक्षी आमच्याकडे बघत नव्हता. घाबरणं तर सोडाच, दखलसुद्धा नाही. पहिल्या दहा मिनिटांत अंगावर शहारे आले. मग थोडंसं विचित्रही वाटायला लागलं. आपण रस्त्यावरच्या चिमणीकडे एक पाऊल टाकलं तरी ती भुर्रकन उडते आणि आपल्याला ते नॉर्मल वाटतं. इथे कळलं की आपल्याला बघून सगळ्यांनी पळायचं, याची आपल्याला केवढी सवय झालीय.

याचं कारण सरळ आहे. या बेटांवर वाघ नाही, लांडगा नाही, मांजरसुद्धा नव्हतं. जमिनीवरून चालत येणाऱ्या मोठ्या प्राण्याला घाबरायचं असतं, हे इथल्या पिढ्यान् पिढ्या कुणाला शिकायलाच लागलं नाही. १८३५ मध्ये डार्विन इथे पाच आठवडे होता. फांदीवर बसलेल्या एका ससाण्याला त्यानं बंदुकीच्या नळीनं ढकलून खाली पाडलं होतं. एका समुद्री इग्वानाला शेपटीला धरून पाण्यात फेकलं, तर तो पोहत परत त्याच्याच पायाशी आला. डार्विननं परत फेकलं, तो परत आला. असं कितीतरी वेळा. डार्विनचा अंदाज असा, की त्याचे शत्रू काय ते पाण्यात, शार्कसारखे. जमीन म्हणजे सुरक्षित, हे त्याच्या रक्तातच भिनलेलं. त्यामुळे किनाऱ्यावर कुणी कितीही छळलं तरी तो किनाऱ्याकडेच धावणार.

हे गाइडनं सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. मग तो पुढे म्हणाला, ''डार्विननं फक्त फेकलं. बाकीच्यांनी खाल्लं.''

देवमाशांची शिकार करणारी जहाजं इथे थांबायची ती कासवांसाठी. इथली महाकाय कासवं अन्नपाण्याशिवाय वर्षभर जगू शकतात. म्हणजे फ्रीज नसलेल्या काळातलं ताजं मटण. उलटी करून जहाजाच्या पोटात एकावर एक रचायची. अशी लाखभर तरी कासवं नेली गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पकडायला काही कष्टच नव्हते. ती पळत नव्हती.

एस्पान्योला

रात्री समुद्र खवळला. एस्पान्योला हे बेट पार दक्षिणेच्या टोकाला, तिथे पोचायला रात्रभर मोकळ्या समुद्रातून जावं लागतं. आमची केबिन म्हणजे घाटातली एसटी झाली होती. (भारतातून येताना अवोमिनची स्ट्रिप आणलीत ना? मी आणली होती. ती मोठ्या बॅगेत राहिली आणि मोठी बॅग ह्यूस्टनला.) सकाळी नाश्त्याला सोळापैकी सहाच जण होते.

पण पुंता सुआरेझला उतरलो आणि सगळं विसरले. खडकांवर इग्वाना. म्हणजे दोन-चार नाही, ढीग! एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, सगळ्यांची तोंडं सूर्याकडे. जगात समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारी पाल एकच, ती ही. एरवी काळी, पण या बेटावर लाल-हिरवी, आणि डिसेंबरात तर रंग आणखी चढतो. मध्येच एखादी फुर्र करून शिंकते आणि नाकातून मिठाचं पाणी उडवते. खाताना पोटात गेलेलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायची ही तिची सिस्टीम. पायवाटेवरही त्याच पसरलेल्या. दोन मीटर सोडा, दोन इंच ठेवताना नाकी नऊ आले. गाइड पुढे चालत ओरडत होता, ''पाय बघून! शेपटी! डावीकडे शेपटी!''

मैत्रिणीनं पाण्याची बाटली काढली तर एक मॉकिंगबर्ड टुणकन येऊन तिच्या बुटावर बसला. मग चोचीनं बाटलीचं बूच ठोकायला लागला. या बेटावर गोडं पाणी जवळजवळ नाही, आणि बाटलीत काय असतं हे यांना पक्कं ठाऊक झालंय. चोच उघडून असा बघत होता की कुणालाही पाझर फुटेल. ''एक झाकणभर दिलं तर काय होतंय?'' मैत्रिणीनं विचारलं. गाइडनं नकारार्थी मान हलवली. आज एक झाकण, उद्या दुसऱ्या बोटीचं दुसरं झाकण, आणि परवा हे पक्षी पायवाट सोडून कुठे जाणारच नाहीत. तिनं बाटली परत सॅकमध्ये टाकली. तोंड मात्र मॉकिंगबर्डपेक्षा तिचंच उतरलेलं.

पुढे कड्यावर नाझ्का बूबींची वसाहत. पांढरेशुभ्र, डोळ्यांभोवती काळा चष्मा घातल्यासारखे देखणे पक्षी. एका मादीच्या पायाशी एक पिल्लू होतं, कापसाच्या बोळ्यासारखं. आणि हातभर लांब, घरट्याच्या खड्ड्याबाहेर, दुसरं. लहान, उघडंबोडकं, मान उचलायचा प्रयत्न करतंय. मला वाटलं, घसरून बाहेर पडलं असेल.

घसरलं नव्हतं, ढकललं होतं. नाझ्का बूबी बऱ्याचदा दोन अंडी घालते, काही दिवसांच्या अंतरानं. पहिलं अंडं फुटलं नाही, किंवा त्यातलं पिल्लू जगलं नाही, तर दुसरं. आपल्या आयटीच्या भाषेत, बेंचवर ठेवलेला रिसोर्स. पहिलं पिल्लू ठणठणीत असेल तर ते धाकट्याला चोचीनं टोचत टोचत घरट्याबाहेर काढतं. आई तिथेच बसलेली असते. ती मध्ये पडत नाही, आणि बाहेर गेलेल्याला आत घेत नाही. ती काही क्रूर नाही. समुद्रातून दोघांना पुरेल एवढे मासे आणणं तिला झेपतच नाही.

आम्ही सोळा जण अर्धवर्तुळात उभे. ते पिल्लू माझ्यापासून फार तर अडीच मीटरवर होतं. उचलून आत ठेवायला मला तीन सेकंद लागले असते. कुणीच काही बोललं नाही. एकानं कॅमेरा वर केला आणि परत खाली घेतला. मग गाइड म्हणाला, चला.

कड्याच्या टोकावर अल्बट्रॉस होते. दोन मीटरहून जास्त लांबीचे पंख, आणि जमिनीवर चालणं बदकासारखं, दोन्हीकडे झुलत. लांबचलांब वाऱ्यावर तरंगायला बनलेले पक्षी. हा वेव्हड अल्बट्रॉस अंडी घालायला जवळपास फक्त याच एका बेटावर येतो. डिसेंबर म्हणजे त्यांचा सीझन संपायची वेळ. त्या वर्षीची पिल्लं कड्यावर येऊन, पंख उघडून, वाऱ्याचा अंदाज घेत उभी होती. एकानं दोन-तीनदा धाव घेतली आणि दर वेळी ऐन टोकावर ब्रेक मारला. पुलावरून पहिल्यांदा सूर मारायला आलेली पोरं करतात तसं. आम्ही अर्धा तास वाट बघितली. नाही उडाला. एरवी हे दृश्य मी जन्मभर विसरले नसते. पण त्या वेळी माझं लक्ष सारखं मागच्या घरट्याकडे जात होतं.

ते पिल्लू

त्याच दुपारी आम्ही बेटाच्या दुसऱ्या बाजूला, गार्डनर बेला होतो. पिठासारखी पांढरी वाळू, पाण्याचा रंग असा की फोटो फोटोशॉप केलाय असंच सगळे म्हणतात. आणि वाळूभर सी लायन. आधी स्नॉर्कलिंग झालं, ती निव्वळ धमाल. पाण्यात तरुण सी लायन तुमच्याकडे बाणासारखे येतात, ऐन नाकासमोर वळतात, उलटे होऊन मास्कमध्ये डोकावतात. एकानं माझी फिन दातात धरून ओढली. पाण्यात दोन मीटरचा नियम आम्ही पाळत होतो, ते नव्हते!

बाहेर येऊन टॉवेल गुंडाळला, वाळूवर बसले, आणि आवाज ऐकू आला. बकरीच्या करडासारखा. एक पिल्लू, मोठ्या मांजराएवढं, एका मादीकडून दुसऱ्या मादीकडे जात होतं. कातडी ढिली पडलेली, कंबरेची हाडं वर आलेली. सी लायनची आई आपलं पिल्लू आवाजावरून आणि वासावरून ओळखते, आणि दूध फक्त त्यालाच पाजते. हे पिल्लू जवळ आलं की माद्या हुंगायच्या आणि मान फिरवायच्या. एकीनं तर दात विचकून हुसकावलं. ते परत आवाज काढत पुढच्या मादीकडे.

मग ते आमच्याकडे आलं.

मी उठून मागे झाले, शिकवल्याप्रमाणे. ते पुढे आलं. मी आणखी मागे. मागे खडक होता. त्यानं माझी सॅक हुंगली, मग माझा पाय. पायाला मिशा लागल्या, ओल्या आणि राठ. आणि ते सॅकला टेकून आडवं झालं. इतके मोठे, ओले, काळे डोळे! खरं सांगते, माझा हात पुढे गेला होता. गाइडचा आवाज आला नसता तर मी हात लावला असता.

''नो टच, प्लीज. सॅक राहू दे तिथेच. तुम्ही बाजूनं निघून या.''

आमच्या ग्रुपमध्ये कॅनडाच्या एक रिटायर्ड नर्सबाई होत्या. त्या ऐकायला तयार नव्हत्या. बोटीवर नेऊ, दूध देऊ, निदान किनाऱ्यावरच्या कुणा अधिकाऱ्याला फोन करू. तिथे अधिकारी कुठला, किनाऱ्यावर आम्हीच होतो. गाइड शांतपणे सांगत होता : याची आई मेली असेल, किंवा मासे धरायला गेली असेल. त्या कधी कधी बरेच दिवस परतत नाहीत. ती आज रात्री आली आणि पिल्लाला माणसाचा वास लागलेला असला, तर कदाचित ती त्याला घेणार नाही. ''आणि आली नाही तर?'' बाईंनी विचारलं. त्यावर तो काही बोलला नाही.

पिल्लू सॅकपाशी वीसेक मिनिटं झोपलं. आम्ही सोळा जण माझ्या सॅकची वाट बघत उन्हात उभे! मग ते उठलं आणि परत माद्यांच्या दिशेनं गेलं. पांगा आली. बोटीत चढण्याआधी पायांची वाळू धुवावी लागते, एका बेटाची वाळूसुद्धा दुसऱ्या बेटावर जाता कामा नये म्हणून. मी पाय धूत होते आणि तो आवाज येत होता.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर वातावरण टाइट होतं. नर्सबाई बोलल्याच नाहीत. मला स्वतःलाही राग आला होता, आणि नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. आपण हजारो किलोमीटर विमानं उडवत इथे येतो, डिझेलवरच्या बोटीत झोपतो, वर्षाला इथे लाखो माणसं येतात. एवढा सगळा हस्तक्षेप चालतो, आणि एका पिल्लाला उचलणं तेवढं चालत नाही? मी हे गाइडला बोलून दाखवलं, जरा जोरातच.

तो इथलाच, बेटावर जन्मलेला. त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. म्हणाला, १९९८ मध्ये मी शाळेत होतो. एल निन्योचं वर्ष. म्हणजे समुद्राचं पाणी तापतं, थंड पाण्याबरोबर वर येणारे मासे येत नाहीत, इग्वानांचं शेवाळ मरतं. सी लायनच्या आया मासे शोधत लांब लांब जायच्या आणि किनारा पिल्लांनी भरलेला असायचा. ''आम्ही पोरं शाळा सुटल्यावर बादली घेऊन जायचो. गाईचं दूध. बाटलीनं पाजायचो. सगळ्यांना नावं ठेवली होती.'' सी लायनच्या दुधात लॅक्टोज नसतं. गाईचं दूध त्या पिल्लांना पचत नाही, हे त्याला कितीतरी वर्षांनी गाइडच्या ट्रेनिंगमध्ये कळलं. ''एक पण वाचलं नाही,'' तो म्हणाला आणि कप उचलून आत गेला.

मी सॉरी म्हणायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हटलंसुद्धा, पण तोपर्यंत तो नेहमीसारखा ''शेपटी! डावीकडे शेपटी!'' मोडमध्ये आला होता.

त्या पिल्लाचं काय झालं, मला माहीत नाही. माहीत व्हायची सोयही नव्हती. बोटी ठरलेल्या मार्गानंच जातात, आणि त्याच जागी इतक्या लवकर परत जायची परवानगी नसते.

कासवाचा बायोडेटा

तिसऱ्या दिवशी फ्लोरेआना. इथे देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या काळापासून एक पिंप आहे, पत्रं टाकायचं. तिकीट नाही. तुम्ही तुमचं पोस्टकार्ड टाकायचं आणि आपल्या गावच्या पत्त्याचं एखादं सापडलं तर स्वतः नेऊन पोचवायचं. मी अख्खा गठ्ठा चाळला. औंध, कोथरूड, गेला बाजार ठाणं तरी मिळेल म्हणून. नाहीच. मी माझं टाकून आले, दादरच्या पत्त्यावर. अजून आलेलं नाही. कुणी गेलात तर बघा!

मग सांताक्रूझ. डार्विन रिसर्च स्टेशन आणि शेजारचं कासवांचं प्रजनन केंद्र. इथे लोनसम जॉर्ज राहायचा, पिंटा बेटाच्या कासवजातीतला शेवटचा. २४ जून २०१२ ला तो गेला आणि ती जात संपली. आता भुसा भरलेला जॉर्ज एका थंडगार काचेच्या खोलीत मान उंचावून उभा आहे. खोलीत सगळे आपोआप कुजबुजत बोलतात.

पण मला जास्त भावली ती एस्पान्योलाच्या कासवांची स्टोरी. जहाजवाले आणि त्यांनी सोडलेल्या शेळ्या यांनी मिळून त्या बेटावर चौदा कासवं शिल्लक ठेवली होती. बारा माद्या, दोन नर. १९६० आणि ७० च्या दशकांत ती शोधून इथे आणली. पंधरावा सापडला अमेरिकेत, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात. त्याचं नाव पडलं दिएगो. या पंधरांपासून दोन हजारांवर कासवं झाली. दिएगोला जगभर प्रसिद्धी मिळाली, महान प्रियकर म्हणून. पुढे डीएनए तपासला तर निम्म्याहून जास्त पोरं दुसऱ्याच एका गरीब, लाजाळू दिसणाऱ्या नराची निघाली! ऑफिसमध्ये पण असंच असतं, प्रेझेंटेशन एक करतो आणि काम दुसराच. जून २०२० मध्ये पंधराही जण एस्पान्योलावर परत सोडले गेले. दिएगोनं शंभरी ओलांडली होती.

म्हणजे इथे माणसानं उचललं, वाढवलं, परत सोडलं. हस्तक्षेप पूर्ण चाळीस-पन्नास वर्षांचा. मी गाइडकडे बघितलं. तो म्हणाला, ''हो. कारण हे आपण मोडलं होतं.''

जायचंय?

तर पैसे साठवायला लागा. विदेशी प्रवाशांसाठी उद्यानाची फी १ ऑगस्ट २०२४ पासून शंभरची दोनशे डॉलर झालीय, आम्ही गेलो तेव्हा वर वीस डॉलरचं ट्रान्झिट कार्ड होतं. दोन्ही रोखच भरलं. चलन अमेरिकन डॉलरच. विमानं कीतो किंवा ग्वायाकीलहून. व्हिसाचे नियम बुकिंगच्या आधी इक्वेडोरच्या दूतावासातच विचारून घ्या, एजंटच्या भरवशावर राहू नका. क्रूझ परवडत नसेल तर पोर्तो आयोरा गावात साध्या हॉस्टेलमध्ये राहून एकेका दिवसाच्या ट्रिपा करता येतात. दूरची बेटं हुकतात, पण खिसा वाचतो. बॅगेत फळं, बिया, लाडू-चिवडा ठेवू नका, कसून तपासतात. माझी शेंगदाण्याची चिक्की कीतोला गेली. आणि अवोमिन हातातल्या बॅगेत!

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघीच पोर्तो आयोराच्या मासळीबाजारात गेलो. बाजार म्हणजे रस्त्याकडेचा एक सिमेंटचा ओटा. पलीकडे मासे कापणारी बाई, ठसक्यात आपल्या ससून डॉकच्या मावशींच्या तोडीस तोड. तिच्या कोपराशी चार पेलिकन, आणि पायाशी एक गलेलठ्ठ सी लायन, कुत्र्यासारखा मान वर करून. त्यानं ओट्यावर हनुवटी टेकवली की ती न बघताच कोपरानं त्याचं डोकं बाजूला सारायची. परत टेकवली, परत सारलं. सुरी थांबत नव्हती. मध्येच तिनं आतड्याचा एक तुकडा मागे भिरकावला आणि पेलिकनांची मारामारी सुरू झाली.

माणसं हसत होती, सेल्फी काढत होती. एक मुलगा सी लायनच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आई फोटो घेत होती. तिथे आमचा गाइड नव्हता, कुणी ओरडलं नाही.

''जा ना, तुझा पण काढते,'' मैत्रीण म्हणाली. ''इथे चालतंय वाटतं.''

मी तिथेच उभी राहिले. तिनं फोन खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या आणि ओट्याच्या मधल्या फरश्या मोजायला लागली.

''बरोबर दोन मीटर आहे गं,'' ती म्हणाली.